"जमतंय ना?": हार्लेममधल्या एका कॉलेजची आणि 'सीक' प्रोग्रामची गोष्ट

(पॉडकास्टच्या भागाचा हा लेखी मजकूर आहे. बोलताना होणारी पुनरावृत्ती थोडी कमी केली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



एक चित्र डोळ्यासमोर आणा. ऑगस्ट महिना आहे. अ‍ॅडमिशन होऊन तीन आठवडे झालेत. तालुक्याच्या गावातून पुण्याला, नाहीतर मुंबईला आलेला एक मुलगा शेवटच्या बाकावर बसलाय. शाळा मराठीतून झालेली. समोर लेक्चर इंग्रजीतून सुरू आहे आणि शब्द कानावरून नुसते जातायत. सर विचारतात, "एनी डाउट?" अख्खा वर्ग गप्प. मग हाही गप्प. रात्री घरून फोन येतो, "जमतंय ना रे?" हा म्हणतो, "हो आई, जमतंय." आणि फोन ठेवल्यावर गावाकडे जाणाऱ्या एसटीचं टाइमटेबल बघत बसतो.

तुमच्यापैकी काही जण हे ऐकताना त्याच बाकावर बसलेले असतील. काही जणी हॉस्टेलच्या गच्चीवर असतील. आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत असेल: बाकी सगळ्यांना येतंय, मलाच येत नाही, म्हणजे मी इथला नाहीच.

आजची गोष्ट याच वाक्याबद्दल आहे. 'मी इथला नाहीच' हे खरं असतं का? आणि नवीन जागेशी जुळवून घ्यायचं म्हणजे नक्की कोणी कोणाशी जुळवून घ्यायचं? साधारण साठ वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका कॉलेजला या प्रश्नाचं उत्तर शोधावं लागलं. ते कॉलेज म्हणजे सिटी कॉलेज, आणि त्या उत्तराचं नाव 'सीक'.

टेकडीवरचं फुकट कॉलेज

आधी कॉलेजची ओळख करून घेऊ. १८४७ साली न्यूयॉर्क शहरात एक संस्था स्थापन झाली, फ्री अकॅडमी. नावातच सगळं आलं. श्रीमंताचा असो की मजुराचा, मुलगा परीक्षा पास झाला तर त्याने यावं आणि शिकावं, दिवसाच्या रेग्युलर वर्गांना फी नाही. हीच संस्था पुढे सिटी कॉलेज झाली. १९०७ मध्ये कॉलेज मॅनहॅटनच्या उत्तर भागात, हार्लेमच्या टेकडीवर गेलं. काळसर दगडाच्या, टोकदार कमानींच्या किल्ल्यासारख्या इमारती. आजही त्या उभ्या आहेत.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इथं मुख्यतः पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांची मुलं शिकली. घरात यिडिश बोलायची, वडील कपडे शिवायच्या कारखान्यात, आणि मुलगा सिटी कॉलेजात. पोलिओची लस शोधणारे जोनास साल्क इथलेच, १९३४ चे पदवीधर. लोक या कॉलेजला 'गरिबांचं हार्वर्ड' म्हणायला लागले.

आता इथं एक गडबड आहे. फी नव्हती, पण दार अरुंद होतं. शाळेतल्या मार्कांच्या सरासरीवर प्रवेश मिळायचा, आणि गर्दी वाढत गेली तशी ती कटऑफही चढत गेली. आपल्याला हे नव्याने सांगायला नको!

त्याच काळात टेकडीच्या पायथ्याची वस्ती बदलली होती. अमेरिकेच्या दक्षिणेतला वंशभेद आणि शेतमजुरी मागे टाकून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेकडच्या शहरांत आली होती, हार्लेम त्यांचं मोठं केंद्र होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर प्युअर्तो रिको बेटावरून स्पॅनिश बोलणारी कुटुंबं आली. त्यांची मुलं शहराच्या सरकारी शाळांत शिकत होती. पण त्या शाळांमध्ये सगळ्यांना एकच शिक्षण मिळत नव्हतं. काही मुलांना कॉलेजच्या तयारीचा 'अकॅडमिक' डिप्लोमा, आणि उरलेल्यांना 'जनरल' नाहीतर धंदेशिक्षणाचा. जनरल डिप्लोमा म्हणजे शाळा संपली एवढाच कागद. त्यावर कॉलेजचं दार उघडत नव्हतं. कृष्णवर्णीय आणि प्युअर्तो रिकन मुलांना फार मोठ्या प्रमाणात याच रांगेत बसवलं जायचं.

परिणाम असा झाला की १९६० च्या दशकात हार्लेमच्या मधोमध असलेल्या या सरकारी, फुकट कॉलेजात बहुसंख्य विद्यार्थी गोरे होते. पायथ्याच्या घरातून वर टेकडीवरचे मनोरे दिसायचे. घरातली माणसं तिथं झाडू मारायला किंवा कँटीनमध्ये कामाला जाऊ शकत होती. मुलगा शिकायला जाणं अवघड होतं.

शंभर जणांची सुरुवात

१९६५ साली कॉलेजने एक छोटा प्रयोग केला. ज्यांची शाळेतली सरासरी कमी आहे पण ज्यांच्यात कुवत दिसते, अशा शंभरेक विद्यार्थ्यांना घ्यायचं आणि पदवीच्या अभ्यासक्रमापर्यंत पोचायला मदत करायची. मानसशास्त्राचे प्राध्यापक लेस्ली बर्गर आणि राज्यशास्त्राचे कृष्णवर्णीय प्राध्यापक अ‍ॅलन बॅलर्ड ही या कामातली दोन महत्त्वाची नावं.

पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, न्यूयॉर्क राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून या प्रयोगाला पैसे दिले. तो मंजूर व्हावा म्हणून जोर लावणाऱ्यांत हार्लेमचे आमदार पर्सी सटन होते आणि ब्रुकलिनच्या आमदार शर्ली चिझम होत्या. चिझमबाई स्वतः ब्रुकलिन कॉलेजच्या, म्हणजे शहराच्या याच फुकट शिक्षणाच्या व्यवस्थेतून शिकलेल्या. दोनच वर्षांनी त्या अमेरिकेच्या संसदेवर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

कार्यक्रमाचं नाव ठेवलं 'सीक'. पूर्ण नावाचा अर्थ, शिक्षण, उन्नती आणि ज्ञान यांचा शोध. आद्याक्षरं जोडली की इंग्रजीत 'शोधणं' हा शब्द तयार होतो.

आता नीट ऐका, कारण सीकची रचना हाच या गोष्टीचा गाभा आहे. त्यात चार गोष्टी होत्या.

पहिली, पैसा. फी तर नव्हतीच, पण बस-सबवेचं भाडं, पुस्तकं, जेवण? आणि मुलगा कॉलेजात गेला म्हणजे घरात येणारा एक पगार बुडाला, त्याचं काय? म्हणून सीकच्या विद्यार्थ्यांना भत्ता आणि पुस्तकांसाठी पैसे मिळायचे.

दुसरी, माणूस. प्रत्येकाला एक समुपदेशक. कुठले विषय घ्यायचे इथपासून ते घरी आजारपण आहे, झोपायला जागा नाही, परीक्षेच्या आदल्या रात्री हात थरथरतात, इथपर्यंत सगळं ज्याच्यापाशी बोलता येईल असा एक माणूस.

तिसरी, छोटा वर्ग आणि शिकवणी. लेखन, वाचन, गणित यांचे पायाभूत वर्ग, आणि अडलं तर बाजूला बसून समजावणारे ट्यूटर.

आणि चौथी, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे वेळ. चार वर्षांत पदवी झाली नाही तर पाच लागू देत. पहिल्या सेमिस्टरच्या मार्कांवरून निकाल लावायचा नाही.

यातली एक जरी काढली तरी बाकीच्या लंगड्या होतात. नुसता प्रवेश दिला आणि भाड्याला पैसे नसले तर मुलगी डिसेंबरमध्ये घरी. भत्ता दिला पण इंग्रजीच्या तासाला तिच्याकडे कुणी बघितलंच नाही, तरी ती डिसेंबरमध्ये घरीच.

वर्गात कोण शिकवायला आलं?

कॉलेजातल्या बऱ्याच बड्या प्राध्यापकांना हे काम कमीपणाचं वाटायचं. पायाभूत लेखन शिकवणं म्हणजे शाळामास्तरकी! मग सीकमध्ये शिकवायला आले ते बरेचसे तरुण लेखक आणि कवी. आज ती नावं वाचली तर अमेरिकन साहित्याचा अभ्यासक्रम वाटतो.

टोनी केड, ज्या पुढे टोनी केड बंबारा या नावाने कथाकार म्हणून गाजल्या. जून जॉर्डन, हार्लेममध्ये जन्मलेल्या, जमैकाहून आलेल्या आईबापांची मुलगी. या बाईंनी स्वतः पदवी पूर्ण केली नव्हती आणि तरी त्या कॉलेजात शिकवत होत्या. ऑड्री लॉर्ड, त्याही हार्लेमच्या, लायब्ररियन म्हणून काम केलेल्या कवयित्री. आणि एड्रियन रिच, हार्वर्डच्या बाजूच्या रॅडक्लिफ कॉलेजात शिकलेल्या, त्या वेळीच नावाजलेल्या गोऱ्या कवयित्री. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्याच वर्षी रिच सीकमध्ये रुजू झाल्या.

यातल्या काही शिक्षकांनी विद्यार्थ्यांची वेदना बाहेरून पाहिलेली नव्हती. जून जॉर्डनना माहीत होतं की घरची बोली घेऊन वर्गात बसणं म्हणजे काय. कृष्णवर्णीयांची इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी नव्हे, तिला स्वतःचे नियम आहेत, हे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या. १९७१ मध्ये त्यांनी किशोरांसाठी एक कादंबरी लिहिली, ती याच बोलीत.

आपल्याकडे वर्‍हाडी, मालवणी, अहिराणी बोलणाऱ्या पोराला पुण्यात गेल्यावर पहिल्यांदा कळतं की आपण 'अशुद्ध' बोलतो. त्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

लाल शाई आणि दोन दगड

या सगळ्यांत ज्यांचं नाव साहित्यात फारसं ऐकू येत नाही, पण शिक्षणाच्या इतिहासात पक्कं आहे, अशा एक बाई होत्या. मिना शॉनेसी. जन्म १९२४, साउथ डकोटातल्या लीड नावाच्या सोन्याच्या खाणीच्या गावात. त्यांच्याकडे पीएच.डी. नव्हती. १९६७ मध्ये त्या सिटी कॉलेजच्या सीकमध्ये आल्या आणि थोड्याच काळात लेखनाच्या वर्गांची जबाबदारी त्यांच्यावर आली.

नवीन विद्यार्थी यायचे तेव्हा त्यांच्याकडून एक छोटा निबंध लिहून घेतला जायचा. ते कागद बघून अनेक प्राध्यापक हादरले. स्पेलिंग चुकीचं, वाक्य मध्येच तुटलेलं, काळ बदललेला, विरामचिन्हं नाहीत. प्रतिक्रिया ठरलेली: यांना कॉलेजात घेतलंच कसं?

शॉनेसींनी ते कागद बाजूला टाकले नाहीत. त्या वाचत बसल्या. १९७० ते १९७४ या काळातले साधारण ४,००० निबंध त्यांनी अभ्यासले. आणि त्यांना दिसलं ते असं, की या चुका वाटेल तशा झालेल्या नाहीत. त्यांच्यात पद्धत आहे. लिहिणारा नियम मोडत नाहीये, तो एक नियम पाळतोय, फक्त तो कॉलेजचा नियम नाही.

एक सोपं उदाहरण माझ्या पद्धतीने देतो. मराठीत आपण म्हणतो, एक दगड, दोन दगड. 'दगड' बदलला का? नाही. 'दोन' म्हटल्यावर एकाहून जास्त आहेत हे कळलंच, परत शब्दाला शेपूट कशाला लावायचं? आता असा विचार करणारं पोर इंग्रजीत 'टू बुक' लिहून आलं, तर शिक्षकाला ती बेफिकिरी वाटते. खरं तर त्याने डोकं वापरलेलं असतं. त्याला 'चूक' म्हणून लाल गोल काढला की तो एवढंच शिकतो की आपल्याला येत नाही. आणि 'तुझा विचार बरोबर आहे, पण इंग्रजी इथं दोन्हीकडे खूण मागते' असं सांगितलं की त्याला नियम कळतो.

शॉनेसींना आणखी एक गोष्ट दिसली. ही मुलं कमी लिहायची. अर्ध्या पानावर थांबायची. कारण त्यांच्या अनुभवात लिहिणं म्हणजे आपलं अज्ञान कागदावर उघडं करणं. प्रत्येक शब्द हा सापळा. मग माणूस सोपे शब्द शोधतो, लहान वाक्यात लपतो. आणि गंमत बघा, हाच विद्यार्थी जेव्हा धीर करून मोठा, गुंतागुंतीचा विचार मांडायला जातो, तेव्हा त्याच्या चुका वाढतात! म्हणजे चुका वाढल्या हे कधीकधी प्रगतीचं लक्षण असतं. सायकल शिकताना आपण पडतो ते पायडल मारायला लागल्यावर. स्टँडवर लावलेल्या सायकलवरून कोण पडतं?

१९७७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, 'एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स', म्हणजे चुका आणि अपेक्षा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की ही मुलं मठ्ठ नाहीत, ती नवशिकी आहेत. आणि नवशिक्या माणसाने चुका करायच्याच असतात. शिकवणाऱ्यालाही या मुलांकडून शिकावं लागेल, त्याशिवाय शिकवता येणार नाही.

मला विचाराल तर सगळ्या गोष्टीत उलथापालथ करणारा विचार हाच. तोपर्यंत जुळवून घेण्याचं काम फक्त विद्यार्थ्याच्या गळ्यात होतं. शॉनेसींनी ते अर्धं उचलून शिक्षकाच्या टेबलावर ठेवलं.

२२ एप्रिल १९६९

आता थोडं मागे जाऊ. १९६९ च्या सुरुवातीला राज्य सरकारने शिक्षणाच्या बजेटला कात्री लावायचं ठरवलं, आणि सीकमध्ये नवे विद्यार्थी घेता येतील की नाही अशी वेळ आली. कृष्णवर्णीय आणि प्युअर्तो रिकन विद्यार्थ्यांनी फेब्रुवारीत कॉलेजच्या अध्यक्षांपुढे पाच मागण्या ठेवल्या.

कृष्णवर्णीय आणि प्युअर्तो रिकन अभ्यासाचा स्वतंत्र विभाग हवा. या समाजांतून येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा ओळखवर्ग हवा. सीक कसा चालवायचा, त्यात कोणाला नेमायचं, कोणाला काढायचं, यात विद्यार्थ्यांचं मत घ्यावं. प्रवेश घेणाऱ्यांत शहरातल्या शाळांचं प्रतिबिंब दिसावं. आणि जे शिक्षक होणार आहेत त्यांनी या समाजांचा इतिहास आणि स्पॅनिश भाषा शिकावी.

लक्षात आलं का? पाचपैकी दोन मागण्या थेट आपल्या विषयाच्या आहेत. नवीन माणसाला घरात कसं घ्यायचं, आणि त्याच्यासाठी चालवलेल्या कार्यक्रमात त्याचं म्हणणं चालणार की नाही. आणि पाचवी मागणी म्हणजे उद्याच्या शिक्षकांनीच थोडं जुळवून घ्यायला शिकावं.

समाधानकारक उत्तर मिळालं नाही. २२ एप्रिलला दोनेकशे विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या दक्षिण भागातल्या आवाराची फाटकं आतून बंद केली आणि ताबा घेतला. या आवाराला त्यांनी नाव दिलं, 'युनिव्हर्सिटी ऑफ हार्लेम'. दोन आठवडे कॉलेज ठप्प झालं. मे महिन्यात कोर्टाच्या आदेशाने ते परत उघडलं, पण मारामाऱ्या झाल्या, पोलीस आले, आवारातल्या सभागृहाला आग लागली. अध्यक्ष ब्युएल गॅलाघर यांनी राजीनामा दिला. कॉलेजातल्या अनेक गोऱ्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना हा सगळा प्रकार आपल्या मेहनतीच्या जागेवरचा हल्ला वाटला. त्यांचे आईबापही गरीबच होते, त्यांनीही घासूनपुसून मार्क मिळवले होते. हा राग खोटा नव्हता, हेही सांगायला हवं.

त्या उन्हाळ्यात शहराच्या उच्च शिक्षण मंडळाने मोठा निर्णय घेतला. सगळ्यांना प्रवेश ही योजना १९७५ पासून आणायची होती, ती १९७० पासूनच सुरू करायची. शहरातल्या कुठल्याही हायस्कूलमधून पास झालेल्याला सिटी युनिव्हर्सिटीच्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा नक्की. आणि प्रवेशाबरोबर पायाभूत वर्ग आणि मदतही.

१९६९ मध्ये पहिल्या वर्षाला साधारण २०,००० विद्यार्थी आले होते. १९७० मध्ये ते झाले साधारण ३५,०००. आणि यातली एक बाब सहसा सांगितली जात नाही. लढले कृष्णवर्णीय आणि प्युअर्तो रिकन विद्यार्थी, पण उघडलेल्या दारातून इटालियन आणि आयरिश वंशाच्या गोऱ्या कामगारांची मुलंही फार मोठ्या संख्येने आत आली. त्यांच्याही घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं.

दार उघडलं, मग पैसे संपले

दार उघडणं आणि आत बसायला बाक देणं, या दोन वेगळ्या गोष्टी. एवढ्या विद्यार्थ्यांना जागा पुरेना. भाड्याच्या जागा घेतल्या, वर्ग खचाखच भरले. सीकने जे थोड्या जणांसाठी नीट करून दाखवलं होतं, ते हजारोंसाठी करायला माणसं आणि पैसे पुरले नाहीत. पुष्कळ मुलं पहिल्या-दुसऱ्या वर्षात गळाली. वर्तमानपत्रांत टीका सुरू झाली की दर्जा घसरला.

१९७५ मध्ये न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं. १९७६ च्या मे महिन्याच्या शेवटी पगाराला पैसे नाहीत म्हणून आख्खं विद्यापीठ दोन आठवडे बंद राहिलं. आणि त्याच वर्षी, स्थापनेपासून १२९ वर्षांनी, फी लागू झाली.

जरा विचार करा. ज्यू मुलं शिकली तेव्हा फी नव्हती. महामंदी आली, महायुद्ध आलं, फी लागली नाही. कृष्णवर्णीय आणि प्युअर्तो रिकन मुलं मोठ्या संख्येने आत आल्यावर सहाच वर्षांत फी लागली. शहर खरोखर कंगाल झालं होतं, हे खरं. पण ज्यांच्या वाट्याला हा योग आला, त्यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते.

कपात झाली तेव्हा पायाभूत वर्ग शिकवणाऱ्या, नव्याने लागलेल्या अनेक शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. शॉनेसींनी उभं केलेलं काम त्यांच्या डोळ्यांदेखत विरत गेलं. १९७८ च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, कॅन्सरने त्या गेल्या. पुस्तक येऊन जेमतेम वर्ष-दीड वर्ष झालं होतं.

१९९८ मध्ये विद्यापीठाच्या विश्वस्तांनी चार वर्षांच्या कॉलेजांमधले पायाभूत वर्ग बंद करत न्यायचा ठराव केला. सीक मात्र टिकला. आज तो पर्सी सटन यांच्या नावाने चालतो.

तीस वर्षांनी कुणीतरी विचारलं

मग हा प्रयोग फसला का? १९७५ च्या आसपास विचारलं असतं तर बरेच जण 'हो' म्हणाले असते. आकडेच तसे होते.

पण पॉल अ‍ॅट्वेल आणि डेव्हिड लॅव्हिन या समाजशास्त्रज्ञांनी एक वेगळी गोष्ट केली. १९७० ते १९७२ या काळात, सगळ्यांना प्रवेश या धोरणाखाली विद्यापीठात आलेल्या सुमारे दोन हजार स्त्रियांना त्यांनी तीस वर्षांनी पुन्हा गाठलं. यात फक्त सीकच्या नव्हे, सगळ्याच प्रकारच्या विद्यार्थिनी होत्या. 'तुमचं पुढं काय झालं?' असं विचारलं. २००७ मध्ये त्यांचं पुस्तक आलं.

निघालं असं, की सत्तर टक्क्यांहून जास्त जणींनी शेवटी कुठली ना कुठली पदवी मिळवली होती. चार वर्षांत नाही. कुणी मध्येच सोडलं, नोकरी केली, लग्न झालं, मुलं झाली, आणि मग परत येऊन एकेक विषय काढत पूर्ण केलं. चार-पाच वर्षांनी हिशेब बंद करणाऱ्या आकडेवारीत याच बाया 'गळती'च्या रकान्यात होत्या! आणि पुढची गोष्ट अशी, की आई कॉलेजात गेली त्याचा फायदा मुलांच्या शिक्षणात दिसला.

सीकची ती चौथी गोष्ट आठवते? वेळ. ती किती महत्त्वाची होती हे कळायलाही तीस वर्षं जावी लागली.

आणि आपण

शेवटी थोडं घराकडे येऊ. सिटी कॉलेजपासून दक्षिणेला चालत अर्ध्या तासावर कोलंबिया विद्यापीठ आहे. सीक सुरू व्हायच्या बावन्न वर्षं आधी, १९१३ च्या जुलैमध्ये, बावीस वर्षांचा एक मुलगा बडोद्याच्या सयाजीरावांची शिष्यवृत्ती घेऊन तिथं उतरला होता. भीमराव आंबेडकर. परकं शहर, परकं खाणं, परकी थंडी. राहण्याची जागाही सुरुवातीला बदलावी लागली, मग लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना हा पारशी मित्र खोलीसोबती मिळाला, तो आयुष्यभराचा. शिष्यवृत्ती आणि सोबती. सीकच्या भाषेत पैसा आणि माणूस.

पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू केलं, जे आज मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं जातं. मराठवाड्यातल्या खेड्यांतून आलेल्या मुलांसाठी तिथं कॉलेजबरोबर वसतिगृह होतं. त्याच्याही आधी १९०१ पासून शाहू महाराज कोल्हापुरात बोर्डिंगं उभी करत होते, आणि भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' चालवलं. या सगळ्यांना एक गोष्ट नीट कळली होती. पोराला नुसतं वर्गात बसवून भागत नाही. त्याने रात्री कुठं झोपायचं, काय खायचं आणि रडू आलं तर कोणाजवळ बसायचं, हाही शिक्षणाचाच भाग आहे. आज आयआयटींमध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या काही विद्यार्थ्यांसाठी वर्षभराचा प्रिपरेटरी कोर्स असतो, कितीतरी कॉलेजांत ब्रिज कोर्स असतात. मुळात कल्पना तीच. ती किती मनापासून चालवली जाते, यावर सगळं ठरतं.

तर त्या शेवटच्या बाकावरच्या मुलाला काय सांगायचं? 'जिद्द ठेव' एवढं सांगून मी मोकळा होणार नाही. जिद्द सीकच्या मुलांकडे भरपूर होती, १९६५ च्या आधीही होती. तरी त्यांना दार बंदच होतं.

मी एवढंच सांगेन. तुला येत नाही याचा अर्थ तू नवशिका आहेस, एवढाच. कॉलेजात ट्यूटोरियल, ब्रिज कोर्स, समुपदेशक असं काही असेल तर तिथं जा, ती भीक नाही. लोकांनी फाटकं अडवून मिळवलेली गोष्ट आहे ती. नसेल तर मागा, चारजण मिळून मागा. एक सीनियर पकड, ज्याला 'नाही जमत' असं खरं सांगता येईल. घरी फोन आल्यावर एकदा तरी "आई, अजून नाही जमत, पण थांबतोय" असं म्हणून बघ. आणि पहिल्या सेमिस्टरचा निकाल हा तुझा निकाल समजू नकोस. तीस वर्षांनी कुणी विचारायला आलं, तर उत्तर वेगळं असू शकतं.

आणि ऐकणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील तर त्यांना एक विनंती. "एनी डाउट?" नंतर वर्ग गप्प बसला, तर तो गप्पपणा जरा शॉनेसीबाईंसारखा वाचून बघा.

तुमच्या पहिल्या सेमिस्टरची गोष्ट आम्हाला जरूर कळवा. आणि हा भाग अशा एकाला पाठवा, जो आत्ता एसटीचं टाइमटेबल बघत बसलाय. भेटू पुढच्या भागात. तोवर, थांबा, शिका आणि अडलं की विचारा!